सहा टाचण्या आणि नदीचं माप

मंडळी, बसा. जरा पुढं सरका. मागच्या भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि मग घरी जाऊन सांगता, आजचं कीर्तन फार शांत झालं म्हणून.

आज एक साधा प्रश्न घेऊन आलेय. पाहुणे यायचे असले, की तुमच्या घरातली फुटकी बादली कुठं जाते? — बायका हसल्या. म्हणजे जागा ठरलेली आहे. आमच्याकडं ती कॉटखाली जाते. आता मला सांगा, बादली लपवली हे पाप झालं का? नाही. पाहुण्याला तिच्याशी काय करायचंय? चार घटका बसेल, चहा पिईल, जाईल. पण — आता नीट ऐका — तोच पाहुणा ती बादली विकत घ्यायला आला असेल तर? तेव्हा कॉटखाली काय गेलं? नुसती बादलीच गेली, की तिच्याबरोबर आणखी काही गेलं?

आबा, पखवाजावर एक थाप द्या, म्हणजे प्रश्न बसेल.

हं. बसला. तर म्हणा विठ्ठल विठ्ठल, आणि चला माझ्याबरोबर माळेघाटला.

माळेघाट म्हणजे नदीकाठचं गाव. नदी कुठली ते विचारू नका. आपण सगळ्या नद्यांना आई म्हणतो, आणि आई म्हटलं की ती घरात येणारच. वर्षाआड नाही, पण चार-पाच वर्षांतनं एकदा माळेघाटच्या घाटगल्लीत ती यायची. चप्पल न काढता यायची, चुलीपर्यंत जायची, दोन दिवस राहायची, आणि जाताना सगळ्या घराला चिखलाचं लिंपण करून जायची.

त्या गल्लीत एक रीत होती. पूर ओसरला, की चिखल काढायच्या आधी घरच्या कर्त्यानं भिंतीवर पाण्याची रेघ मारायची. कोण कोळशानं मारी, कोण गेरूनं. पण आमचे दत्तोबा वायचळ! दत्तोबा शिंपी होते. ते आधी टेप काढायचे. जमिनीपासून ओलीपर्यंत माप घ्यायचे, शिंप्याच्या खडूनं रेघ आखायचे, तिच्यावर लाल रंग फिरवायचे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहायचे — नागपंचमीचा पूर, चौदा इंच. गौरीचा पूर, एकतीस इंच.

बरं, एवढ्यावर भागलं का? नाही. गिऱ्हाइकांच्या मापाची एक जाड वही होती त्यांची. पाटलांची छाती, मास्तरांची कंबर, सगळं तिच्यात. त्याच वहीत एक पान — नाव: नदीबाई, पत्ता: समोर. छाती, कंबर, बाही, सगळे रकाने रिकामे. फक्त उंची भरलेली.

लोक विचारायचे, "दत्तोबा, हिला काय झबलं शिवणार काय?"

दत्तोबा म्हणायचे, "शिवायचं काही नाही. पण घरी येणाऱ्याचं माप आपल्याला ठाऊक असावं."

काय बोलला बघा माणूस! मोठमोठ्या पोथ्यांत सापडायचं नाही असलं वाक्य. असो. दत्तोबा गेले. त्यांच्यामागं घर राहिलं, आणि घराला दोन वारस राहिले.

थोरली शेवंता. वय चोपन्न. लग्न जमलं नाही, आणि तिनं त्याचं फार वाईटही वाटून घेतलं नाही. बापाच्याच मशीनवर ब्लाउज शिवायची, आणि घाटगल्लीत तिच्या हाताला तोड नव्हती. धाकटा मधुकर, सहा वर्षांनी लहान, पुण्याला नोकरीला. माणूस वाईट नव्हता हो. नुसता हुशार होता. हुशार माणूस घरात असला की घरच्यांना काय काय सोसावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेवंताचे गुडघे गेले होते. पूर आला, की ती लोखंडी पायांची मशीन दोरीनं माळ्यावर चढवायची, आणि पूर गेला की उतरवायची. गेल्या मोठ्या पुरात मशीन माळ्यावर गेली, पण चढवता चढवता शेवंताच जिन्यातनं खाली आली. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. वर एसटी स्टँडजवळ एक गाळा होता. चार पायऱ्या चढून जायचा. कोरडा. गाळेवाले म्हणाले होते, "अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो बाई, पुढं नाही." घर विकलं तर तिच्या वाटणीत तो गाळा येणार होता. नाही विकलं, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ती दोरी, तो जिना आणि ते गुडघे. एवढंच लक्षात ठेवा — शेवंताला महाल नको होता, तिला कोरडी जमीन हवी होती.

मधुकर चैत्रात आला, तो खोत नावाच्या एजंटाला घेऊनच. खोतांनी घर पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "काळजी नको. कागदात लिहायचं, 'घर आहे त्या स्थितीत विकले'. म्हणजे उद्या काही निघालं तरी आपण मोकळे."

मधुकर म्हणाला, "वा!" आणि लगेच बाजारातनं पुट्टीची पिशवी आणि रंगाचा डबा घेऊन आला.

मंडळी, माणसाची गंमत बघा. आहे त्या स्थितीत विकायचं, पण आधी स्थिती बदलायची! तडा गेला होता, त्याच्यापुढं कपाट. ओल होती, तिच्यावर भलंमोठं कॅलेंडर, गणपतीचं. देवाला काय कामाला लावतात बघा लोक — ओल झाकायला! आणि मग त्या रेघा. बापानं चाळीस वर्षं टेप लावून मारलेल्या लाल रेघा. मधुकरनं त्यांच्यावर पुट्टी ओढायला घेतली.

शेवंता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मधू, ती मधली एक तरी राहू दे."

"ताई, एक ठेवली की सगळ्या दिसल्या."

"अरे, ती नुसती—"

"ताई, गाळा पाहिजे ना तुला?"

शेवंता दारातनं बाजूला झाली. भिंत पांढरीफेक झाली.

पण मधुकरला खरी धास्ती भिंतीची नव्हती. बहिणीची होती. कारण शेवंताला खोटं बोलता यायचं नाही. ब्लाउज घट्ट झाला म्हणून कुणी तक्रार केली, तर ती तोंडावर सांगायची — ब्लाउज आहे तेवढाच आहे, वहिनी. गिऱ्हाइकाला सांगते, तिथं घर घेणाऱ्याला सांगणार नाही का?

तेव्हा मधुकरनं युक्ती काढली. शिंप्याच्या घरचं पोरच अशी युक्ती काढू जाणे. म्हणाला, "ताई, पाहुणे आले की तू कापड घेऊन बस. बोलावंसं वाटलं, की ओठात एक टाचणी धर. टाचणी तोंडात असताना तू बोलत नाहीस, हे मी लहानपणापासून बघतोय."

मंडळी, शिवणारी माणसं पाहिलीत ना? टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढून कापडाला लावायची. तेवढा वेळ मुकं. आमच्या शेजारणीनं ही युक्ती ऐकली आणि परवाच मला विचारलं, टाचण्यांचा डबा कुठं मिळतो म्हणून. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

रविवारी घर बघायला आल्या सुशीलाक्का मगदूम. अक्कांची पिठाची गिरणी. कपाळावर कुंकू, भुवयांवर पीठ. वरच्या गावात गिरण्या तीन-तीन, घाटगल्लीत एकही नाही, म्हणून त्यांना इथंच जागा हवी होती. जिथं खाणारी तोंडं, तिथं गिरणी. साधा हिशोब.

अक्का आत आल्या. भिंतीवर थाप मारली. "भक्कम हाय का?"

"पोलाद," मधुकर म्हणाला.

कोपऱ्यात शेवंता कापड घेऊन बसली होती. तिनं कपाटाकडं बघितलं. एक टाचणी ओठात गेली.

"कौलं गळत्यात?"

"गेल्याच वर्षी चाळलीत."

दुसरी टाचणी.

"नळाला पाणी?"

"चोवीस तास." नळ पहाटे चारला यायचा आणि साडेचारला खोकून बंद व्हायचा. तिसरी.

मागचं दार लागत नव्हतं. अक्कांनी ढकललं, ते परत उघडलं. पुन्हा ढकललं, पुन्हा उघडलं. मधुकर म्हणाला, "घर हवेशीर आहे." चौथी.

"आणि मागचं परस?"

"पूर्ण खासगी. कुणाचा पाय लागत नाही." असं तो म्हणतोय, तोवर त्या न लागणाऱ्या दारातनं एक म्हैस आत डोकावली. शेजारच्या तात्यांची. तीस वर्षं ती म्हैस, म्हणजे ती, तिची आई आणि तिची आजी, त्याच परसातनं नदीला जात होत्या. म्हशीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. म्हशीला कुणी टाचणी दिली नव्हती. ती हंबरली.

खोत एजंट म्हणाले, "अक्का, काय आहे ते तुमच्यासमोर आहे. आहे त्या स्थितीत."

पाचवी टाचणी.

अक्का मग बाहेरच्या खोलीत आल्या आणि पांढऱ्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. बराच वेळ. हात फिरवला. म्हणाल्या, "रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"पुराची. अख्ख्या गल्लीत घराघरावर हाय."

मधुकर म्हणाला, "आमचा जोता उंच आहे, अक्का. आमच्याकडं पाणी येत नाही."

सहावी.

"उजवीकडच्या घरात छातीएवढं," अक्का म्हणाल्या, "डावीकडच्या घरात छातीएवढं, आणि मधल्या तुमच्या घरात काहीच नाही? नदी काय उंबऱ्याला हात लावून पाया पडून परत जाती?"

खोत हसले. मधुकरही हसला, पण उशिरा. मग त्यानं जोत्याची अशी काही उंची सांगितली, लेव्हल, उतार, असं काही काही, की अक्काही जरा डळमळल्या. शेवटी त्या वळल्या शेवंताकडं.

"बाई, राहणाऱ्या तुम्ही. हे दोघं बोलणारे. मी तुमचं ऐकते. मला मोटर खाली बसवायची हाय, वायरिंग खालनं न्यायचंय. तुम्ही एवढं म्हणा, पाणी येत नाही. लगीच सुपारी फोडू."

आता, मंडळी! मान हलवली की गाळा. नुसती मान. बोलायचंही नाही, टाचण्या तशाच ठेवायच्या, आणि हनुवटी एकदा खाली-वर. त्या मान हलवण्यापलीकडं चार पायऱ्या, कोरडी फरशी, आणि पुन्हा कधी त्या दोरीला हात लावायचा नाही. मधुकर तिच्याकडं बघतोय. खोत बघतायत. म्हैससुद्धा गेली नव्हती अजून.

तुम्ही काय केलं असतं? — नको, उत्तर नको. देवळात बसून सगळे खरंच बोलतात. घरी जाऊन विचार करा.

शेवंतानं कापड खाली ठेवलं. ओठातली एक टाचणी काढली, मनगटावरच्या गादीला खोचली. ओठांत अजून पाच, म्हणून शब्द जरा बोबडे आले, पण आले. "पाणी येतं."

"ताई!"

दुसरी काढली. "परसातनं तात्यांची म्हैस जाते. ती ऐकत नाही." तिसरी. "दार लागत नाही, सुतार दोनदा येऊन गेला." मग दोन एकदम. "नळ अर्धा तास. कौलं मी चाळलीत, मला जमत नाही, म्हणून गळतात." शेवटची काढली, आणि आता शब्द स्वच्छ आला. "कपाटामागं तडा आहे, हात जाईल एवढा. घर असं आहे, अक्का. रंग परवाचा आहे."

खोतांनी खुर्चीवरचं हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं. मधुकर कॅलेंडराकडं बघत राहिला. गणपती त्याच्याकडं बघत होता.

आणि अक्का काय म्हणाल्या? चिडल्या का? नाही. त्या खाली बसल्या, शेवंताच्या पुढ्यात, मांडी घालून. म्हणाल्या, "किती?"

"काय किती?"

"पाणी. किती येतं आणि किती वेळात येतं?"

शेवंता उठली, मापाची वही घेऊन आली आणि पान उघडलं. नदीबाई, पत्ता समोर. अक्का बोटानं वाचत गेल्या. चौदा इंच. एकतीस. मोठा पूर, अठ्ठेचाळीस. खाली दत्तोबांनी लिहिलं होतं — घाटावरच्या मारुतीच्या पायाला पाणी लागल्यापासून आपल्या उंबऱ्याला यायला सहा तास. कधीही कमी नाही.

अक्कांनी वही मिटली. "मागल्या खेपेला दुसऱ्या गावात भाड्यानं जागा घेतली होती. मालक म्हणाला, पाणी येत नाही. शप्पथ घेऊन म्हणाला. मी मोटर जमिनीवर बसवली, निवांत निजले. मोटर गेली, पट्टा गेला, लोकांची दळणं गेली. पाण्यानं नाही बुडवलं बाई मला. 'येत नाही'नं बुडवलं."

मग वर तुळईकडं बघून म्हणाल्या, "ती तुळई पक्की हाय?"

"ती पक्की आहे," शेवंता म्हणाली. "खरंच."

"सहा तास म्हंजे लई झालं. कप्पी लावते, साखळी लावते, मारुतीचे पाय भिजले की मोटर वर टांगते. घर घेते मी."

मधुकरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "घेता?"

"आहे त्या स्थितीत घेते," अक्का म्हणाल्या, "पण रंगाच्या आधी होती त्या स्थितीत. माझ्या रेघा मला परत काढून द्या. आणि तुम्हीच काढा, दादा. लावली कुणी पुट्टी?"

झालं! पुण्याहून दोन दिवसांच्या रजेवर आलेला माणूस आठवडाभर पत्र्याच्या तुकड्यानं भिंत खरवडत बसला. ओढताना जी पुट्टी अर्ध्या दिवसात लागली, ती निघताना नखं घेऊन निघाली. गल्लीतले लोक येऊन बघायचे. तात्या म्हणाले, "मधू, रोजावर येतोस का? आमच्या पण भिंतीचे पोपडे निघालेत."

चौथ्या दिवशी गौरीच्या पुराची रेघ निघाली. एकतीस इंच. आणि तिच्या वर दोन बोटांवर आणखी एक रेघ निघाली. ती, मधली. शेवंता राहू दे म्हणत होती ती. तिच्याशेजारी पुराचं नावच नव्हतं. मधुकर जवळ गेला, फुंकर मारली, अक्षरं वाचली.

'मधूची हनुवटी. तेहतीस. पाणी इथं यायच्या आधी निघणे.'

गौरीच्या पुरात मधुकर चार वर्षांचा होता. बापानं पोराला भिंतीला उभं केलं, टेप लावली, आणि हनुवटीवर खूण केली. नदीचं माप घेत होता तो, ते नदीसाठी नव्हतं हो. पोरासाठी होतं. पाणी चढत होतं आणि दत्तोबा पाण्यातलं आणि त्या खुणेतलं अंतर बघत उभे होते. दोन इंच उरले, तेव्हा पोराला खांद्यावर घेतलं, शेवंताचा हात धरला आणि निघाले.

मधुकर पत्र्याचा तुकडा हातात धरून तिथंच खाली बसला. म्हणाला, "ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

शेवंता म्हणाली, "सांगत होते. तू थेट पुट्टीच घेऊन आलास."

खरेदी झाली. अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी शेवंताची मशीन चार पायऱ्या चढून वर गेली. या वेळी दोरीनं नाही. मधुकरनं एका बाजूला हात लावला, खोत एजंटांनी दुसऱ्या. वही मात्र अक्कांनी मागितली.

शेवंता म्हणाली, "वही द्यायची नाही. तिच्यात सगळ्या गावाच्या कमरा आहेत. पण माप घ्यायला मी येईन. गिऱ्हाईक वडलांचं आहे, सोडणार नाही."

आणि त्याच श्रावणात आलं पाणी. मारुतीचे पाय भिजले. अक्कांनी साखळी ओढली, मोटर तुळईला पाळण्यासारखी टांगली, दळणं माळ्यावर टाकली आणि वर येऊन शेवंताच्या गाळ्यात बसल्या. कोरड्या फरशीवर. दोघींनी चहा घेतला. तिसऱ्या दिवशी पूर ओसरला, तशी शेवंता गुडघे सांभाळत खाली गेली, टेप घेऊन. टेपचं खालचं टोक धरायला पुण्याहून मधुकर आला होता. चिखलात बसून त्यानं टोक जमिनीला दाबून धरलं.

"किती, ताई?"

"अठ्ठावीस. लिही."

त्यानं लिहिलं. लाल रंगानं, स्वतःच्या हातानं, हनुवटीच्या खाली.

आता, मंडळी, तुमच्याकडं येते. पळू नका, प्रसाद शेवटी आहे.

आपण या देवळात येतो, ते कसे येतो? पुट्टी लावून येतो. देवा, माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही — एक टाचणी. देवा, जावेच्या लेकीचं लग्न जमलं, मला आनंदच झाला — दुसरी. देवा, सासूबाईंना मी आईच मानते — अहो, डबाच संपला! आणि समोर तो विटेवर उभा. काही म्हणत नाही. अक्कांसारखा भिंतीवर हात फिरवतो फक्त. रेघ कुठाय?

त्याला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? त्याच्याकडं वही आहे. किती पाणी कुणाच्या घरात कितीदा शिरलं, सगळं आहे तिच्यात. आणि आपण लाजेनं जी रेघ पुसायला निघतो, तिच्याशेजारीच त्यानं आपल्या हनुवटीची रेघ मारून ठेवलेली असते. कुठपर्यंत सोसेल आणि कधी खांद्यावर घ्यायचं, हे त्याचं ठरलेलं आहे. पण ती रेघ आपणच बुजवली, तर आपल्याला ती दिसणार कशी?

म्हणून जसे आहात तसे या. तडा गेलाय, म्हणा गेलाय. दार लागत नाही, म्हणा लागत नाही. त्याला आपल्याबरोबर गिरणी चालवायचीय. मोटर कुठं टांगायची, ते तो बघेल.

आबा, आता लावा हळू. सगळ्यांनी म्हणा विठ्ठल विठ्ठल, आणि तोंडातल्या टाचण्या आधी काढून ठेवा, नाहीतर नाम बोबडं येतं.

आणि घरी गेल्यावर ती फुटकी बादली कॉटखालनं बाहेर काढा. फुटकी आहे म्हणून उघड सांगा. तिच्यात माती भरा आणि तुळस लावा. पाणी खालनं निघून जातं, तुळस झकास वाढते.